दारिद्र्य, बहुमत आणि धम्म : श्रीलंकेतील वंशसंघर्षाची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या आशिया व आफ्रिका खंडांतील देशांचा इतिहास पाहिला, तर दोन दुःखे बहुतेक ठिकाणी जोडीने वावरताना दिसतात. एक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या न हटणारे दारिद्र्य आणि दुसरे म्हणजे एकाच देशात राहणाऱ्या समाजगटांमधील रक्तरंजित वैर. नायजेरियातील बियाफ्राचे युद्ध (१९६७-७०), रवांडातील १९९४ चा नरसंहार, म्यानमारमधून २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना करावे लागलेले पलायन ही त्याची ठळक उदाहरणे होत. या दोन दुःखांचा परस्परसंबंध काय, या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, माणसे गरीब असतात म्हणून भांडतात. पोट भरले की वैर आपोआप शमेल. दुसरे असे की, हे वैर पुरातन आहे, ते रक्तातच आहे. तिसरे असे की, परकीय राज्यकर्त्यांनी फोडा आणि झोडा ही नीती वापरली आणि तिची फळे आज भोगावी लागत आहेत.

या तिन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु कोणत्याही एका उत्तराने रोगाचे मूळ हाती लागत नाही. प्रस्तुत लेखात श्रीलंकेच्या उदाहरणावरून या उत्तरांची तपासणी करावयाची आहे. श्रीलंका निवडण्याचे कारण उघड आहे. तेथील बहुसंख्य समाज बौद्ध आहे. तिपिटक तेथे लेखनिविष्ट झाले, अनागारिक धम्मपाल तेथून भारतात आले, आणि बाबासाहेब आंबेडकर १९५० साली बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी तेथेच गेले. दुसऱ्याच्या धर्माने केलेल्या अन्यायाची चिकित्सा आपण नेहमीच करतो. स्वतःला बौद्ध म्हणविणाऱ्या राज्यसंस्थेची चिकित्सा करताना आपली कसोटी तीच राहते की बदलते, हा या लेखामागील खरा प्रश्न आहे.

दारिद्र्यामुळे संघर्ष, हे कितपत खरे?

श्रीलंका स्वतंत्र झाली ती ४ फेब्रुवारी १९४८ रोजी. त्या वेळी नवस्वतंत्र देशांमध्ये तिची स्थिती हेवा वाटावी अशी होती. १९३१ पासून तेथे प्रौढ मताधिकार होता. १९४५ पासून सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या प्रयत्नांमुळे शिक्षण विनामूल्य झाले होते. सवलतीच्या दरात तांदूळ मिळत होता, हिवतापाचे निर्मूलन वेगाने चालले होते. १९४६ च्या सुमारास सरासरी आयुर्मान ४३ वर्षांच्या आसपास होते, ते १९६० च्या दशकात साठीच्या पुढे गेले. दरडोई उत्पन्न कमी असूनही जनतेचे आरोग्य व शिक्षण सुधारता येते, याचा दाखला म्हणून अमर्त्य सेन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी श्रीलंकेकडे बोट दाखविले.

असा हा देश १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे यादवी युद्धात जळत राहिला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार ऐंशी हजार ते एक लाख माणसे त्यात मेली. दारिद्र्य हेच जर संघर्षाचे कारण असते, तर हे युद्ध दक्षिण आशियात सर्वांत शेवटी श्रीलंकेत व्हावयास हवे होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. श्रीलंकेतील सर्वांत दरिद्री समूह म्हणजे मध्यभागातील डोंगराळ मुलुखात चहाच्या मळ्यांवर राबणारे भारतीय वंशाचे तामिळ मजूर. युद्ध सुरू केले ते त्यांनी नव्हे. शस्त्रे उचलली ती जाफना भागातील शिकलेल्या, पण नोकरीची व उच्च शिक्षणाची वाट अडलेल्या तरुणांनी. म्हणजे ज्यांच्या पोटात अन्न नव्हते ते मूक राहिले आणि ज्यांच्या हातातील संधी हिरावली गेली ते पेटून उठले. दारिद्र्य आणि संघर्ष यांचे नाते कारण व कार्याचे नसून ती एकाच मुळाची दोन फळे आहेत, असे मानल्याशिवाय याचा उलगडा होत नाही. ते मूळ कोणते?

मळ्यावरील मजूर आणि १९४८ चा कायदा

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी प्रथम कॉफीचे आणि कॉफीवर रोग पडल्यानंतर चहाचे मळे उभारले. जेम्स टेलर याने १८६७ साली चहाची व्यापारी लागवड सुरू केली. मळ्यांसाठी मजूर आणले ते तामिळनाडूतून, कंगाणी म्हणजे मुकादमाच्या मार्फत, उचल देऊन आणि कर्जात अडकवून. या मजुरांत पल्लर, परैयर, चक्किलियर अशा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक फार मोठ्या संख्येने होते. गावकुसाबाहेरून निघालेला माणूस समुद्र ओलांडून मळ्यावरील अरुंद खोल्यांच्या रांगेत येऊन पडला. मालक बदलला, स्थिती बदलली नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्षही उलटले नव्हते तोच, १९४८ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. जन्माने नागरिक ठरण्यासाठी आपले वडील लंकेत जन्मले, अथवा आजा व पणजा हे दोघेही लंकेत जन्मले, असे दाखविणे आवश्यक झाले. ज्यांच्या बापजाद्यांच्या जन्माची नोंद कोणी ठेवलीच नव्हती, त्या मजुरांना हे अशक्य होते. सुमारे सात लाख माणसे एका फटक्यात राज्यहीन झाली. १९४९ साली निवडणूक कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांचा मताधिकारही गेला. १९४७ च्या संसदेत त्यांचे प्रतिनिधी होते. १९५२ च्या निवडणुकीत एकही निवडून आला नाही.

अल्पसंख्याकांवर अन्याय करणारा कायदा करता येणार नाही, असे कलम तेथील सोलबरी राज्यघटनेत होते. तरीही न्यायालयांत हा कायदा टिकला. घटनेतील शब्द केवळ शब्द म्हणून दुर्बलांचे रक्षण करीत नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्याला वारंवार बजावले आहे. येथे त्याचा पडताळा येतो.

या कायद्यामागे वंशद्वेष होता तसा वर्गहितही होते, हे विसरता कामा नये. मळ्यांतील मजुरांची मते डाव्या पक्षांनाही मिळत होती आणि नव्या राज्यकर्त्या वर्गाला त्याची धास्ती होती. जाफन्याच्या तामिळ नेतृत्वानेही या मजुरांसाठी एकजुटीने लढा दिला नाही. जी. जी. पोन्नम्बलम यांचा पक्ष १९४८ सालीच मंत्रिमंडळात सामील झाला. त्याला विरोध करून एस. जे. व्ही. चेल्वनायकम बाहेर पडले आणि १९४९ साली त्यांनी संघराज्यवादी पक्ष काढला. वेल्लाळ जातीच्या वर्चस्वाखालील जाफन्यात अस्पृश्यांना मंदिरप्रवेशही नव्हता. मावीट्टपुरमच्या मंदिरासाठी १९६८ साली त्यांना सत्याग्रह करावा लागला. भाषा एक असली तरी जातीने तामिळांना एक होऊ दिले नाही.

पुढे १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री करारात या मजुरांची वाटणी झाली. सव्वापाच लाख भारताने घ्यावेत, तीन लाख श्रीलंकेने ठेवावेत आणि दीड लाखांचे नंतर पाहावे. माणसांना विचारले नाही, आकडे मांडले. मळ्यांचे राष्ट्रीयीकरण १९७२ व १९७५ साली झाले, पण जमीन मजुरांच्या वाट्याला आली नाही. राज्यहीनतेचा प्रश्न कायद्याने निकालात निघण्यास २००३ साल उजाडावे लागले. ज्याला मत नाही, त्याच्या वस्तीत शाळा, दवाखाना आणि रस्ता सर्वांत शेवटी पोहोचतो. मळ्यांतील दारिद्र्य चिवट का ठरले, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या आधी या नागरिकत्वाच्या नोंदवहीत शोधले पाहिजे.

गुन्नार मिर्डाल यांनी आपल्या 'एशियन ड्रामा' (१९६८) या बृहद्ग्रंथात दक्षिण आशियाच्या दारिद्र्याची मीमांसा करताना येथील राज्यसंस्था मवाळ आहेत, त्या कायदे करतात पण अंमलात आणीत नाहीत, असे निदान केले. बलवंत लोक कायदा वाकवितात, हेही त्यांनी दाखविले. हे निदान मोलाचे आहे, पण अपुरे आहे. १९४८ चा कायदा श्रीलंकेच्या राज्यसंस्थेने अत्यंत कठोरपणे अंमलात आणला. राज्यसंस्था मवाळ आहे की कठोर, हे समोर कोण उभा आहे त्यावर ठरते.

भाषा, शिक्षण आणि जन्माधिष्ठित बहुमत

१९५६ हे वर्ष बौद्ध जगताच्या दृष्टीने बुद्धजयंतीचे अडीच हजारावे वर्ष. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अस्पृश्यांना धम्मदीक्षा दिली. त्याच वर्षी, जूनमध्ये, एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांच्या सरकारने केवळ सिंहली हीच राजभाषा ठरविणारा कायदा केला. एका ठिकाणी धम्माने माणसाला जन्माच्या बेडीतून सोडविले. दुसऱ्या ठिकाणी धम्माचे नाव घेऊन जन्म हीच राज्याची पात्रता ठरविली गेली.

इंग्रजीच्या जोरावर मूठभरांनी नोकऱ्या बळकावल्या होत्या आणि खेड्यातील सिंहली मुलाला दार बंद होते, ही तक्रार अगदी खरी होती. पण त्या दाराची किल्ली इंग्रजीकडून काढून ती दोन्ही लोकभाषांच्या हाती देता आली असती. १९५७ साली बंदरनायके व चेल्वनायकम यांच्यात प्रादेशिक मंडळांविषयी करारही झाला. परंतु भिक्खूंच्या एका गटाने पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठाण मांडले आणि एप्रिल १९५८ मध्ये तो करार रद्द झाला. त्याच वर्षी दंगली झाल्या. सप्टेंबर १९५९ मध्ये बंदरनायके यांची हत्या झाली. गोळी झाडणारा चीवरधारी होता. ज्या शक्तीला त्यांनी सत्तेसाठी जागविले, तिनेच त्यांचा बळी घेतला.

१९७० नंतर विद्यापीठ प्रवेशासाठी गुणांचे तथाकथित प्रमाणीकरण सुरू झाले. तामिळ माध्यमातील विद्यार्थ्याला सिंहली माध्यमातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक गुण मिळविणे भाग पडले. येथे कोणी म्हणेल की, पहा, आरक्षणामुळेच श्रीलंका पेटली. हा युक्तिवाद आपण नीट तपासून घेतला पाहिजे. आरक्षण हे शतकानुशतके ज्ञानापासून, संपत्तीपासून आणि सन्मानापासून वंचित ठेवलेल्यांसाठीचे संरक्षण आहे. श्रीलंकेतील पहिल्या प्रमाणीकरणाचा निकष वंचितता हा नव्हताच. राज्यसत्ता ज्याच्या हाती, त्याच बहुसंख्य समाजाला भाषेच्या आधारे ती सवलत होती. नंतर जिल्हावार कोटे आले, तेव्हा मागास तामिळ जिल्ह्यांतील मुलांनाही त्यांचा लाभ झाला. म्हणजे निकष जेथे मागासलेपणाकडे वळला तेथे धोरण न्यायाच्या जवळ गेले, आणि जेथे तो जन्मगटाकडे राहिला तेथे त्याने आग लावली.

बाबासाहेबांनी १९४५ साली जातीय प्रश्नावरील आपल्या भाषणात राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत असा भेद केला होता. राजकीय बहुमत मतांतरातून घडते व मोडते. जातीय बहुमत जन्मतःच ठरलेले असते, त्याचे दार कोणालाही उघडता येत नाही. अशा बहुमताच्या हाती राज्य गेले की निवडणुका होतात, पण लोकशाही उरत नाही. श्रीलंकेची शोकांतिका या एका भेदात सामावलेली आहे. ज्या दोन मोठ्या पक्षांनी आलटून पालटून राज्य केले, ते एकमेकांवर मात करण्यासाठी एकाच जन्मगटाची खुशामत करीत राहिले. १९७२ च्या घटनेने बौद्ध धम्माला अग्रस्थान दिले, १९७८ च्या घटनेने ते कायम राखले. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तामिळांची घरे व दुकाने मतदारयाद्या हाती घेऊन शोधून जाळण्यात आली.

आणि सिंहली गरिबाला यातून काय मिळाले? १९७१ साली आणि पुन्हा १९८७ ते १९८९ या काळात जनता विमुक्ती पेरमुनाच्या झेंड्याखाली खेड्यांतील बेकार सिंहली तरुणांनी उठाव केले. त्यांच्याच राज्याने त्यांना हजारोंच्या संख्येने ठार केले. विशेष म्हणजे, या तरुणांना पक्षाच्या अभ्यासवर्गात मळ्यांवरील मजूर हे भारतीय विस्तारवादाचे हस्तक म्हणून दाखविले जात होते. एका गरिबाला त्याच्याहून गरीब असलेला शत्रू दाखविला की, वरच्या माणसाकडे कोणी पाहत नाही. चढत्या क्रमाची विषमता कशी टिकते, हे बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेविषयी सांगितले. वंशवादही त्याच यंत्रावर चालतो.

तंबय्या यांचा प्रश्न

श्रीलंकेत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली तंबय्या यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात, बौद्ध धम्माचा विश्वासघात झाला काय, असा प्रश्न शीर्षकातच उपस्थित केला. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या धम्माचे अनुयायी अशा हिंसेत कसे सामील होतात, याचा शोध त्यांनी घेतला. धम्मातील नीतीचा भाग मागे पडत गेला आणि समूहाची ओळख म्हणून धर्म पुढे आला, हे त्यांचे प्रतिपादन आपण मान्य केले पाहिजे. पुरातन वैराच्या सिद्धांतालाही त्यांच्या लेखनाने छेद दिला आहे. अठराव्या शतकात ज्या राजाच्या आश्रयाने, १७५३ साली, लंकेत उपसंपदेचे पुनरुज्जीवन झाले, तो कीर्तिश्री राजसिंह दक्षिण भारतीय नायक्कर घराण्यातील होता, एवढे एकच उदाहरण त्यासाठी पुरे आहे.

तरीही दोन मुद्द्यांवर या ग्रंथापुढे जाणे आवश्यक आहे. पहिला मुद्दा राजकीय भिक्खूंचा. वालपोल राहुल यांनी १९४६ साली भिक्खूने समाजकार्यात व राजकारणात भाग घेतला पाहिजे, असे मांडले. नंतरच्या घटना पाहून अनेकजण म्हणतात की, भिक्खूने विहारातच राहावे. आपल्याला हे उत्तर स्वीकारता येणार नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच प्रश्न केला आहे की, भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस आहे की समाजाचा सेवक? त्यांना सेवक हवा होता. लंकेतील त्या भिक्खूंची चूक ते समाजात उतरले ही नव्हती. ते केवळ आपल्याच जन्मगटाच्या समाजात उतरले, ही होती. मळ्यावरचा मजूर त्यांच्या करुणेच्या कक्षेत आला नाही. आणि त्यात नवल तरी काय? ज्या सियाम निकायाने गोविगम जातीबाहेरच्या सिंहलींनाही उपसंपदा नाकारली आणि ज्यामुळे १८०३ साली अमरपूर निकाय वेगळा स्थापावा लागला, त्या संघात जन्माचा विचार आधीच शिरलेला होता.

दुसरा मुद्दा मजुरांचा. तंबय्या यांच्या विवेचनाचा भर सिंहली राष्ट्रवाद व संघ यांवर आहे; मळ्यातील माणूस त्यात परिघावर राहतो. आपल्यासाठी तो केंद्रस्थानी असला पाहिजे. ज्या जातींतून हे मजूर गेले, त्याच तामिळ अस्पृश्य समाजातील पंडित अयोथी दास यांनी १८९८ साली श्रीलंकेत बौद्ध दीक्षा घेतली व मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. तामिळ आणि बौद्ध हे परस्परविरोधी शब्द आहेत, असे मानणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसावा, किंवा तो नकोसा असावा. १९५० च्या भेटीत बाबासाहेबांनी कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये तेथील अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले आणि तेथील बौद्धांनी या लोकांना आपले मानून त्यांच्या हिताची काळजी वाहावी, असेही सांगितले. मताधिकार जाऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. बौद्ध लंकेने पाहुण्याचा सत्कार केला. त्याचे सांगणे मात्र ऐकले नाही.

धम्माची कसोटी

महावंसात दुट्ठगामणी राजा युद्धातील संहारामुळे व्यथित होतो, तेव्हा आठ अर्हत त्याचे सांत्वन करतात आणि शरण गेलेला एक व शील घेतलेला एक एवढेच, म्हणजे दीड माणूस तुझ्या हातून मेला, बाकीचे पशुवत होते, असे त्याला सांगतात, अशी कथा आहे. हे बुद्धवचन नव्हे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे हजार वर्षांनी रचलेल्या राजवंशाच्या बखरीतील तो भाग आहे. ज्याला विवेक नाही व ज्यात मानवाचे कल्याण नाही ते बुद्धाचे मानू नये, ही बाबासाहेबांनी दिलेली कसोटी लावली की, ही कथा गळून पडते. त्याच महावंसाने तामिळ राजा एळार याच्या न्यायीपणाची ग्वाही दिली आहे आणि दुट्ठगामणीने त्याच्या स्मृतीचा मान राखल्याचे सांगितले आहे, हे राष्ट्रवादी वाचक सोडून देतात.

उलट सुत्तपिटकात आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीला दंड म्हणून शस्त्र, आणि शस्त्रातून हिंसा व असत्य असा क्रम सांगितला आहे. साखळीची पहिली कडी दारिद्र्य नाही. राज्याने टाळलेले कर्तव्य आहे. कूटदंत सुत्तात शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व सेवकाला वेतन देऊनच राज्यातील उपद्रव थांबतो, दंडाने थांबत नाही, असे प्रतिपादन आहे. वासेट्ठ सुत्तात वृक्षांत व पशूंत जातिभेद दिसतात, माणसांत तसे दिसत नाहीत, हे स्पष्ट केले आहे.

सर्वांत बोलका प्रसंग रोहिणी नदीच्या पाण्याचा. बाबासाहेबांच्या मांडणीनुसार शाक्य व कोलिय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने बहुमताने युद्धाचा ठराव केला आणि सिद्धार्थाने त्याला विरोध केला. कुटुंबावर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल, हे दिसत असूनही त्यांनी आपल्याच संघाच्या बहुमतापुढे मान तुकविली नाही. प्रव्रज्या घेतली. पाणी हे उपजीविकेचे साधन आणि शाक्य-कोलिय हे जन्माचे भेद. म्हणजे दारिद्र्य व वंशकलह यांची गाठ त्या प्रसंगातही आहे. तेथे बुद्ध कोणत्या बाजूला उभे होते, हे सर्व बौद्धांनी लक्षात ठेवावे.

उपसंहार

तामिळ वाघांचा मार्गही मुक्तीचा नव्हता. १९८५ साली अनुराधपुरात त्यांनी यात्रेकरूंची हत्या केली, १९८७ साली अरंतलावात तरुण भिक्खू मारले, ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतील सत्तर हजारांहून अधिक मुस्लिमांना घराबाहेर काढले. जन्मावर उभे राहिलेले राज्य मोडण्यासाठी जन्मावरच दुसरे राज्य उभारू पाहणारा, पहिल्याचीच प्रतिकृती घडवितो.

मे २००९ मध्ये युद्ध संपले. विजयाने सुबत्ता आली नाही. शत्रू संपल्यावर नवा शत्रू शोधला गेला आणि २०१४ व २०१८ साली मुस्लिमांवर हल्ले झाले. बहुसंख्य समाजाच्या रक्षणाचे वचन देऊन २०१९ साली सत्तेवर आलेल्या राजवटीने करकपात केली, २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. महासाथीचा आघातही झाला. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार गरिबांचे प्रमाण एका वर्षात जवळजवळ दुप्पट होऊन २५ टक्क्यांच्या घरात गेले. जन्माच्या नावाने मते मिळत असली की राज्यकर्त्याला कारभाराचा हिशेब द्यावा लागत नाही, आणि तो हिशेब शेवटी गरिबाच्या ताटातून वसूल होतो. त्या वर्षी कोलंबोच्या समुद्रकाठी सिंहली, तामिळ व मुस्लिम एकत्र जमले व जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. भुकेने ओळखलेला शत्रू त्यांना पन्नास वर्षे दाखविलेल्या शत्रूहून वेगळा होता.

श्रीलंकेच्या बौद्धांविषयी आपल्याला आदर आहे. धम्माचा ठेवा त्यांनी सांभाळला म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. परंतु कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे. आपण स्वतः जन्माधिष्ठित बहुमताचे बळी आहोत. ते बहुमत बौद्ध म्हणविते म्हणून आपण गप्प राहिलो, तर आपल्या लढ्याचा नैतिक पायाच खचेल. चहाच्या मळ्यावरील तो मजूर बुद्धाला शरण आलेला असो वा नसो, धम्माच्या राज्यात त्याचे नाव नागरिकांच्या यादीत प्रथम लिहिले गेले पाहिजे होते.